भिंतीवरची शकुंतला आणि हरवलेला नट

१/१६
पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यान, लोहमार्गावर, चुडावा नावाचे एक लहान स्थानक आहे. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले हे गाव. एकोणिसाव्या शतकात हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि पुण्या-मुंबईची नाटकगृहे येथून फार दूर होती. ज्यांनी आयुष्यात एकही संगीत नाटक पाहिले नाही, अशा घरांच्या भिंतींवरही शकुंतला, दमयंती आणि सुभद्रा येऊन बसल्या. त्या कशा आल्या आणि येताना वाटेत काय गळून पडले, हा या धाग्याचा विषय आहे. एकोणिसाव्या शतकात रंगभूमीवरची पात्रे छापील चित्रांत उतरली. त्या चित्रांची ही हकीकत.

२/१६
आरंभ थोडा दुरून करावा लागतो. लंडनमध्ये १८११ च्या सुमारास विल्यम वेस्ट याच्यासारखे प्रकाशक गाजलेल्या नाटकांतील पात्रांचे छापील तक्ते विकू लागले. साधा तक्ता एक पेनीला, हाताने रंगवलेला दोन पेनींना. मुले ती पात्रे कातरून पुठ्ठ्यावर चिकटवीत आणि घरातच छोटी रंगभूमी उभारून प्रयोग करीत. या खेळाच्या आठवणींवर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने १८८४ मध्ये एक निबंधही लिहिला. मोठ्यांसाठी वेगळी चित्रे असत. त्यांत नामांकित नट एखाद्या भूमिकेत उभा दिसे आणि हौशी लोक त्या चित्रावर चकचकीत पत्र्याचे तुकडे व कापड चिकटवून नटाचा पोशाख सजवीत. अशा चित्राखाली नटाचे नाव आणि भूमिकेचे नाव छापलेले असे.

३/१६
जपानमध्ये ही परंपरा आणखी जुनी. काबुकी नटांची लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे तेथे हातोहात खपत. शाराकू या चित्रकाराने १७९४-९५ च्या अल्प काळात काढलेले नटांचे चेहरे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. १८४२ मध्ये तेथील शासनाने काटकसर व नीतिमत्ता यांच्या नावाखाली नटांच्या चित्रांवर बंदी घातली. चित्रकारांनी पळवाट काढली. नावे गाळून, ऐतिहासिक पुरुषांचा आव आणून तेच चेहरे त्यांनी पुन्हा छापले आणि लोकांनी ते बिनचूक ओळखले. नाव पुसण्यासाठी तेथे सरकारी हुकूम काढावा लागला आणि तोही पुरा पडला नाही. महाराष्ट्रात मात्र हुकुमावाचून नाव पुसले गेले.

४/१६
मराठी रंगभूमीचा आरंभ ५ नोव्हेंबर १८४३ या दिवशी सांगलीत विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवर' नाटकाने झाला असे मानतात. चिंतामणराव पटवर्धन यांचा त्याला आश्रय होता. त्या नाटकांची रीत आजच्या वाचकाला नवलाची वाटेल. सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे त्या कथाभागावर ऐनवेळी सुचेल तसे भाषण करीत. प्रारंभी गणपती रंगमंचावर येई. त्यानंतर कमरेला लाकडी मोर बांधलेली सरस्वती नाचत येई. समोर बसलेला प्रेक्षक त्या वेळी हात जोडत असे. लळितात आणि दशावतारातही देवाचे सोंग घेतलेल्या माणसाला ओवाळण्याची चाल होतीच. सोंग उभे असेतोवर माणूस दिसू नये, अशी सवय मराठी डोळ्याला छापील चित्रांच्या पुष्कळ आधीपासून लागलेली होती.

५/१६
पुढचे वळण १८८० चे. बलवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी पुण्यात पारशी मंडळीचे 'इंद्रसभा' पाहिले आणि मराठीतही असे संगीत नाटक व्हावे, हे त्यांच्या मनाने घेतले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. १८८२ मध्ये 'सौभद्र' आले. त्याच वर्षी बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर कंपनीत दाखल झाले. त्यांच्या आवाजाने आणि रूपाने मराठी प्रेक्षकाला शकुंतला व सुभद्रा प्रत्यक्ष भेटल्या. १८६३ मध्ये जन्मलेले भाऊराव १९०१ मध्ये वारले. अवघे ३८ वर्षांचे आयुष्य. त्यांतील निम्मा काळ त्यांनी रंगभूमीवर घालवला आणि त्यातली बरीच वर्षे स्त्रीवेषात.

६/१६
याच काळात पुण्यात दुसरी एक घडामोड होत होती. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी चित्रशाळा छापखाना सुरू केला. १८७४ पासून 'निबंधमाला' लिहिणारे, पुढे न्यू इंग्लिश स्कूल आणि 'केसरी' यांच्या स्थापनेत असणारे हे गृहस्थ चित्रांच्या धंद्यात का शिरले? विलायती चित्रांनी भरलेल्या बाजारात आपल्या लोकांना आपली चित्रे मिळावीत, हा त्यामागचा विचार होता. नाना फडणीस यांचे चित्र आणि रामपंचायतन यांना मोठी मागणी आली. कलकत्त्यात कलकत्ता आर्ट स्टुडिओचा आरंभही १८७८ चाच. एकाच वर्षी, देशाच्या दोन टोकांना, देवादिकांची आणि पौराणिक पात्रांची रंगीत चित्रे दगडावरून छापली जाऊ लागली.

७/१६
दगडावरून म्हणजे अक्षरशः दगडावरून. शिळाछापाची युक्ती जर्मनीत आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधली. बव्हेरियातील झोल्नहोफेनचा गुळगुळीत चुनखडीचा दगड त्यासाठी सर्वोत्तम मानला जाई. दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे आणि मग दगड ओला करायचा. पाणी आणि तेल एकमेकांना टाळतात, त्यामुळे छपाईची शाई केवळ रेषेवर चढते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड निराळा. तोच कागद एकामागून एक साऱ्या दगडांवरून जातो आणि एखादा दगड केसभर सरकला तरी ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरतो. शेवटी वार्निश देऊन कागदाला तैलचित्राची झळाळी आणीत. एकदा दगड तयार झाला की हजारो प्रती निघत. राजवाड्यातील चित्र सामान्य घरात पोहोचण्याची वाट या दगडांनी मोकळी केली.

८/१६
या वाटेवरचे सर्वांत मोठे नाव राजा रविवर्मा यांचे. १८४८ मध्ये केरळातील किळिमानूर येथे जन्मलेल्या या चित्रकाराला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८८८ मध्ये पौराणिक विषयांवरील १४ चित्रांचे काम दिले. ती चित्रे १८९० मध्ये पूर्ण झाली आणि मुंबईत लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली. 'अर्जुन आणि सुभद्रा' हे त्याच काळातले चित्र. रविवर्मांचा नाटकांशी चांगला परिचय होता. त्यांच्यासोबत काम करणारे धाकटे बंधू राजा राजवर्मा यांच्या दैनंदिनीत नाटक पाहायला गेल्याच्या नोंदी आहेत. रविवर्मांच्या चित्रांकडे त्या दृष्टीने पाहिले की त्यांची रचना उलगडू लागते. पात्रे पुढच्या बाजूस असतात, मागे पडद्यासारखा निसर्ग असतो, प्रकाश समोरून पडतो आणि कथेतील नेमका कळसाचा क्षण थिजवलेला असतो.

९/१६
१८९४ मध्ये रविवर्मांनी मुंबईत गिरगावात स्वतःचा छापखाना काढला. जर्मनीहून यंत्रे आणि कारागीर आले. पहिले चित्र निघाले ते 'शकुंतलाजन्म'. मेनका कन्येला पुढे करते आहे आणि विश्वामित्र हात उंचावून तोंड फिरवत आहे, असा तो प्रसंग. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. कर्ज वाढत गेले आणि काही वर्षांतच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. चित्रे मात्र निघतच राहिली. लक्ष्मी आणि सरस्वती यांच्या बरोबरीने दमयंती, सैरंध्री, उषा, वसंतसेना याही घरोघर गेल्या. यांपैकी कित्येक नायिका मराठी नाटकमंडळ्यांच्याही नायिका होत्या.

१०/१६
एकच चित्र नीट पाहावे. १८९८ मधील शकुंतला. पायात रुतलेला काटा काढण्याच्या निमित्ताने ती थांबली आहे, एक हात सखीच्या खांद्यावर आहे आणि मान मागे वळली आहे. ती ज्याच्याकडे पाहते तो दुष्यंत चित्रात कोठेच नाही. कालिदासाच्या नाटकात हा एक बहाणा आहे. दर्भ पायाला लागला, वल्कल फांदीत अडकले, असे म्हणत ती रेंगाळते. कवीने हा क्षण नटीच्या अंगविक्षेपासाठी लिहिला आहे. तो शब्दांत फार थोडा आहे; त्याचा सारा अर्थ देहाच्या वळणात आहे. हे चित्र म्हणजे त्या वळणाचीच नोंद होय. भोवतीच्या सख्यांना बहाणा कळला असावा, असे त्यांच्या उभे राहण्यावरून दिसते. रंगमंचावर सख्या हेच काम करतात: नायिकेच्या मनातले प्रेक्षकापर्यंत पोहोचवतात.

११/१६
येथे सावध राहणे आवश्यक आहे. किर्लोस्करांची शकुंतला आणि रविवर्मांची शकुंतला या दोघींचे मूळ कालिदासात आहे. विषय एक असणे म्हणजे एकाने दुसऱ्याचे घेतल्याचा पुरावा नव्हे. समोरून मांडलेली, प्रेक्षकाकडे तोंड केलेली देवता तर रंगभूमीच्याही आधी मूर्तिकलेत होती. म्हणून नाटकाचा ठसा शोधायचा तो विषयात शोधू नये. हाताची ठेवण, मानेची वळणे, सख्यांची मांडणी, मागच्या झाडांचा पडद्यासारखा सपाटपणा, अशा खुणा पाहाव्यात. रविवर्मांनी युरोपीय तैलचित्रांचाही कसून अभ्यास केला होता आणि त्या तैलचित्रांवर युरोपच्या रंगभूमीची छाया होती. एकाच चित्रात दोन रंगभूमी भेटतात, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

१२/१६
देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. चित्रे घरोघर लागल्यावर प्रेक्षक नाटकगृहात शिरताना शकुंतलेचा चेहरा सोबत घेऊनच येऊ लागला. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले तेव्हा ती शकुंतला लोकांनी भिंतीवर अगोदर पाहिलेली होती. त्यांचे नेसणे, दागिने, उभे राहण्याची ढब यांत रविवर्मांच्या चित्रांचे प्रतिबिंब जाणकारांनी दाखवून दिले आहे. पुढे धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके हेही रविवर्मा छापखान्यात काम करून मग चित्रपटाकडे वळले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके. बालगंधर्व आणि साळुंके यांची नावे आज ठाऊक आहेत, कारण तोवर छायाचित्र आणि चित्रपट आले होते. छायाचित्रातला चेहरा एका विशिष्ट माणसाचा असतो. तो पात्राच्या नावाखाली सहजी लपत नाही.

१३/१६
आता पुन्हा चुडाव्याकडे. नाटककंपनी गावात आणायची म्हणजे पडदे, पेट्या, दिवे, पोशाख, साथीदार आणि दोन-तीन डझन माणसांच्या जेवणाखाण्याची सोय. ते ओझे मोठ्या शहरांना पेलत असे. लहान गावांच्या वाट्याला गोंधळ, भारूड, कीर्तन आणि जत्रेतली सोंगे येत. चित्राची गोष्ट निराळी. गुंडाळी करून ते पेटीत मावते आणि फेरीवाल्याच्या खांद्यावरून जाते. १८९९ ते १९०१ या काळात मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातला मीटरगेज लोहमार्ग तयार झाला. औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, चुडावा, नांदेड अशी ही वाट. मनमाडला तो मुंबईच्या मार्गाला जोडला गेला. मळवलीही मुंबई-पुणे मार्गावरच आहे. ज्या वर्षांत छापखाना मळवलीला गेला, त्याच वर्षांत मराठवाड्याची ही वाट खुली झाली. नाटक या गाडीने येवो न येवो, नाटकातली पात्रे येऊ शकत होती.

१४/१६
घरात आल्यावर चित्राचे रूप बदलत असे. कागदावरच्या साडीवर खऱ्या कापडाची साडी चिकटवली जाई, काठाला जर लागे, दागिन्यांच्या जागी टिकल्या व मणी येत, आणि मग काचेची चौकट. जर-टिकल्यांनी नटवलेल्या अशा तसबिरी आज संग्राहक मोठ्या हौसेने जमवतात. लंडनच्या हौशी माणसाने नटाच्या चित्रावर चकचकीत पत्रा चिकटवला होता. येथेही कृती तीच. भाव मात्र वेगळा. तेथे नटाचे कौतुक होते. येथे देवीला वस्त्र नेसवायचे होते. कागदावर ही सजावट करणाऱ्या हातांत घरच्या बायकांचेही हात होते. ज्यांना नाटकगृहात जाण्याची मुभा नव्हती, त्यांनी घरात बसून पात्राची वेषभूषा केली. रंगभूमीच्या इतिहासात या कामाची दखल क्वचितच घेतली जाते.

१५/१६
नटाचे नाव का गळाले, याचे उत्तर एका कारणात मावत नाही. 'नाटक्या' हा शब्द तेव्हा शिवीसारखा वापरला जाई. नट होणाऱ्या मुलाला घर परके होई. पुरुषाने रंगवलेली स्त्री देव्हाऱ्याशेजारी लावायची, तर तो पुरुष विसरणेच सोयीचे होते. चित्रकाराने समोर बसवलेल्या बहुतेक स्त्रियांची नावेही चित्राखाली आली नाहीत. त्यांच्या वाट्याला तर अधिकच अवहेलना होती. चौथ्या भागात सांगितलेली सवयही होतीच: सोंगापुढे हात जोडायचे, माणूस पाहायचा नाही. नटाच्या बाजूने पाहिले तर हा त्याचा विजयही म्हणता येईल; तो भूमिकेत इतका विरघळला की उरलाच नाही. परंतु विरघळणे हा त्याचा निर्णय होता आणि विसरणे हा समाजाचा. या दोहोंत फरक केला पाहिजे. ज्या हातांनी आणि मानेच्या ज्या वळणांनी शकुंतलेचे रूप मराठी मनात पक्के केले, त्यांतले कित्येक हात निनावी मजुरांसारखे इतिहासातून निघून गेले.

१६/१६
हा प्रश्न आजचाही आहे. भंगलेली मूर्ती आणि फाटकी तसबीर घरात ठेवू नये, असा समज आहे. जुने वाडे उतरवले जातात तेव्हा अशा तसबिरी नदीत सोडतात किंवा पिंपळाच्या पाराशी ठेवून देतात. पूर्णा नदी पुढे गोदावरीला मिळते. त्या पाण्यात कागदाचा लगदा व्हायला फारसा वेळ लागत नाही. मळवलीच्या छापखान्याला १९७२ मध्ये आग लागली, त्यामुळे घरांत उरलेल्या प्रतींचे मोल वाढले आहे. श्रद्धेच्या आड येण्याचे कारण नाही. विसर्जनाआधी छायाचित्र घेता येते. चित्राचा खालचा समास पाहावा: चित्राचे नाव, छापखान्याचे नाव, गाव. गाव मुंबई आहे की कार्ला-लोणावळा, यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. चौकटीत बसवताना समास कापला गेला असेल तर मागची बाजू पाहावी. विक्रेत्याचा शिक्का किंवा घरातील कोणी लिहिलेली तारीख तेथे असू शकते. कापड चिकटवले असेल तर ते कोणी चिकटवले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवावे. छापील पात्रांचे नट बहुतेक हरवले आहेत. त्या पात्रांना साडी नेसवणाऱ्या आज्या-पणज्यांची नावे अजून काही घरांत सांगता येतील. ती आताच टिपून घ्यावीत.